क्लाउड अँटिव्हायरसच्या बीटा चाचणीसाठी स्वयंसेवकांनी कोणते व्हायरस उतरवून ठेवावेत, आणि मशीन केवढं लागेल?

एकही नाही. पहिल्या भागाचं उत्तर इथेच संपलं.

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा जणांचा गट आहे, बीटा लवकरच हाती येईल आणि तोवर प्रत्येकाने 'सॅम्पल', म्हणजे खऱ्या व्हायरसच्या फायली, जमवावीत असं ठरतंय. हे ठरवणारा माणूस प्रत्येक गटात असतो. त्याला एकच विचारा: झिपमधल्या हजार फायलींवर राइट क्लिक करून स्कॅन केलं, की नेमकं काय मोजलं जातं? त्यातल्या बऱ्याच फायली जुन्या, काही अर्धवट तुटलेल्या, काही तर व्हायरसच नाहीत. पासवर्ड काढायची साधनं किंवा जाहिराती दाखवणारे प्रोग्राम, ज्यांना काय म्हणावं यावर कंपन्यांचंही एकमत नसतं. स्कॅनमध्ये फाईल चालत नाही, म्हणजे वर्तनावरची नजर, मेमरी तपासणी, घातक पत्ते अडवणं, यातलं काहीच कामाला लागत नाही. शेवटी जी टक्केवारी निघते ती त्या झिपची असते, अँटिव्हायरसची नव्हे.

वर कुणीतरी त्याच फायली 'खात्रीसाठी' व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाईल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर, चढवतो. तिथे चढलेलं सॅम्पल सहभागी कंपन्यांपर्यंत पोचतं, म्हणजे 'अनोळखी फाईल आली तर काय होतं' हे पाहायची संधी गेली. तिथल्या निकालांवरून अँटिव्हायरसची तुलना करू नका, असं व्हायरसटोटल स्वतःच सांगतं. खऱ्या मालवेअरवरच्या चाचण्या एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज यांच्यासारख्या प्रयोगशाळांचं काम. चाचण्या कशा घ्याव्यात यावर इतका गोंधळ होता की २००८ मध्ये अ‍ॅम्ट्सो ही संस्था त्यासाठीच निघाली. स्वयंसेवकांची किंमत वेगळी आहे: दहा घरची दहा वेगळी नेटवर्कं, दहा वेगळे प्रोग्रामसंच. ते प्रयोगशाळेकडे नसतं.

क्लाउड अँटिव्हायरसचं अर्धं डोकं सर्व्हरवर असतं. मशीनवरचा भाग फाईलचा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारा आकडी ठसा) काढतो, सर्व्हरला विचारतो, उत्तर कॅशमध्ये, म्हणजे मशीनवरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. ओळख नसेल तर फाईल वर पाठवतो किंवा ती चालू देऊन तिच्यावर नजर ठेवतो. म्हणून तपासायची आहे ती ही विचारपूस. ती कधी होते, किती वेळ अडकते, आणि उत्तर आलं नाही तर काय.

आयकारची ६८ बाईटची फाईल, म्हणजे अँटिव्हायरस तपासायची ठरलेली एका ओळीची निरुपद्रवी फाईल, सगळ्यांना माहीत असते. ती पकडली म्हणजे प्रोग्राम चालू आहे, एवढंच. बहुतेक उत्पादनांत तिची ओळख मशीनवरच असते, क्लाउडचा संबंध येत नाही. ती ओळ फाईलच्या पहिल्या बाईटपासूनच सुरू व्हायला हवी. नोटपॅडमध्ये साठवताना बॉमसकट (सुरुवातीच्या खुणेसकट) यूटीएफ-८ निवडलं तर आधी तीन बाईट घुसतात, फाईल पकडली जात नाही आणि लगेच 'बग सापडला' म्हणून तक्रार जाते. क्लाउडसाठी अ‍ॅम्ट्सोची क्लाउडकार नावाची वेगळी निरुपद्रवी फाईल आहे. तुमच्या बीटाला ती ओळखता येते का, की निर्मात्याची स्वतःची चाचणी-फाईल आहे, हे आधी विचारून घ्या.

अनोळखी फाईल हवी असेल तर स्वतः बनवा. सी मध्ये चार ओळींचा प्रोग्राम, छापायच्या मजकुरात तारीख आणि वेळ. प्रत्येक वेळी कंपाइल केलं की जगात कुठेही नसलेला हॅश तयार. ती फाईल अडवली जाते, थांबवली जाते की गुपचूप वर जाते, ते पाहा. तयार प्रोग्रामच्या शेवटी एखादा बाईट जोडूनही हॅश बदलतो, पण निर्मात्याची डिजिटल सही असलेल्या फाईलशी हे करू नका: सही मोडते, आणि मग निकाल कशामुळे बदलला ते कळत नाही. ही फाईल वेबवरून उतरवली, झिपमधून काढली की पेनड्राइव्हवरून आणली, यानेही फरक पडतो. ब्राउझर उतरवलेल्या फाईलवर 'इंटरनेटवरून आली' अशी खूण ठेवतो. ती खूण एनटीएफएस या विंडोजच्या डिस्क-मांडणीत, फाईलला चिकटलेल्या न दिसणाऱ्या जोड-प्रवाहात असते. फॅट३२ किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवरून गेली की पुसली जाते. काही उत्पादनं ही खूण असेल तरच क्लाउडच्या उत्तरासाठी फाईल रोखून धरतात. विंडोज डिफेंडरमध्ये हे थांबणं मुळात १० सेकंदांचं असतं आणि सेटिंगने ६० पर्यंत नेता येतं. तुमच्या बीटात ते किती आहे, हाच एक चांगला प्रश्न.

नेटवर्कवर मात्र मनसोक्त वेळ घाला. केबल काढली की प्रोग्रामला कळतं नेट नाही. हा सोपा प्रकार. खरी भानगड 'नेट आहे पण नाही' या अवस्थेत. वायफाय जोडलेलं, पण राउटरच्या पुढे काही जात नाही. किंवा फक्त डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) अडवलेलं. काही उत्पादनं हॅशची विचारपूस डीएनएसमधूनच करतात, त्यामुळे घरी जाहिरात-गाळणी लावलेल्यांचा क्लाउड नकळत बंद असू शकतो. किंवा आधी लॉगिन मागणारं वायफाय, जिथे प्रत्येक विनंतीला उत्तर म्हणून लॉगिनचं पान येतं. ते पान प्रोग्राम 'फाईल स्वच्छ' असं तर समजत नाही ना? प्रत्येक अवस्थेत फाईल उघडायला किती अडकते ते मोजा. नेट परत आल्यावर, मधल्या काळात सुटलेल्या फायली पुन्हा तपासल्या जातात का, हे तर पाहाच. बहुतेक जण हेच विसरतात.

व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत प्रोग्रामने चालवलेलं दुसरं मशीन) वापरणार असाल तर त्याच्या प्रती, म्हणजे क्लोन, अँटिव्हायरस बसवण्याआधी करा. नंतर केले तर सगळे क्लोन एकाच ओळखक्रमांकाने सर्व्हरशी बोलू शकतात आणि नोंदींची खिचडी होते. चालू अवस्थेतला स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, परत आणला की आतलं घड्याळ कधीकधी मागेच राहतं. मग सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं अवैध ठरतात, क्लाउडशी जोडणी होत नाही आणि पडद्यावर कदाचित काहीच दिसत नाही. आधी घड्याळ जुळवा, मग चाचणी. शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद.

दोन अँटिव्हायरस एकत्र हा जुनाच घोळ, बीटात जास्त होतो. तयार उत्पादन विंडोजकडे नोंदणी करतं आणि डिफेंडर बाजूला होतो. बीटाची नोंदणी अर्धवट असेल तर दोघेही जागे राहतात, आणि फाईल कुणी पकडली तेच ठरत नाही. डिफेंडरच्या इव्हेंट लॉगमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) १११६ किंवा १११७ क्रमांकाची नोंद दिसली तर ते श्रेय डिफेंडरचं. प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत एफएलटीएमसी (fltmc) ही आज्ञा चालवली की फाईल-गाळणीचे ड्रायव्हर दिसतात. अँटिव्हायरसचे ३२०००० ते ३२९९९८ या 'उंची'वर, म्हणजे गाळण्यांच्या रांगेतल्या क्रमांकांवर, असतात.

आता ज्याचा कंटाळा करतात ते. पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर. व्हायरसपेक्षा अँटिव्हायरसच मशीन पाडतो हे दोनदा तरी जगभर दिसलंय: २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाईल व्हायरस ठरवली, आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका फाईलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली. ती तर विकली जाणारी उत्पादनं होती. तुमच्या हातात बीटा आहे. आणि फायली सर्व्हरवर जातात हे आधी लिहिलंच आहे, तेव्हा ज्यावर नोकरीची किंवा बँकेची कागदपत्रं आहेत ते मशीन चाचणीला देऊ नका.

तक्रार लिहिताना बिल्ड क्रमांक, फाईलचा एसएचए-२५६ हॅश, नेटची अवस्था आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ द्या. वेळ नसेल तर सर्व्हरवरच्या लाखो नोंदींत तुमची विचारपूस सापडत नाही, आणि नुसता स्क्रीनशॉट कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

मशीन केवढं: व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी रॅम आणि दोन कोर द्या, मूळ मशीनवर १६ जीबी असेल तर सुखाने चालतं, ८ मध्ये ओढाताण. पण गटात एक तरी जुनं, फिरत्या डिस्कचं मशीन ठेवाच, कारण 'हलकं' हा दावा तिथेच कळतो. बसवण्याआधी आणि नंतर बूटचा वेळ इव्हेंट लॉगमधल्या १०० क्रमांकाच्या नोंदीत मिलिसेकंदांत बघा. पहिला आणि दुसरा स्कॅन वेगळे लिहा. दुसरा कॅशमुळे पळतो आणि लोक तोच आकडा मिरवतात.

हे सगळं विंडोज धरून आहे, मॅक आणि लिनक्सवर ड्रायव्हरचा भाग लागू नाही. आणि हो, कुणाला मालवेअर विश्लेषण खरंच येत असेल, वेगळी लाईन आणि वेगळं मशीन असेल, तर त्याने जरूर करावं. माझा राग झिपवाल्यांवर आहे. शेवटी काढून टाकण्याचीही चाचणी घ्या: एफएलटीएमसीत ड्रायव्हर उरला का, डिफेंडर परत जागा झाला का. निर्मात्याचं काढण्याचं साधन पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर अर्धवट निघाला की नेटच जातं आणि मग ते साधन उतरवता येत नाही.