दत्तक देशाची जर्सी

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावी वाणिज्य शाखेत शिकतो. तो फुटबॉल उत्तम खेळतो. मेलबर्नला राहणारे त्याचे काका म्हणतात, बारावीची वाट न पाहता त्याला इकडे पाठवा, पाच वर्षांत नागरिकत्व घेईल आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळेल. येथील एका सल्लागाराने या कामाचे दोन लाख रुपये मागितले आहेत. भारतात राहून विश्वचषक कधीच खेळता येणार नाही, असे मुलाचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
– एक आई, दांडिया बजार, बडोदे

सप्रेम नमस्कार.

काकांनी सांगितलेला पाच वर्षांचा आकडा हवेतला नाही, परंतु तो अर्धाच सांगितला गेला आहे. ज्या देशात खेळाडूचा, त्याच्या आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म झालेला नाही, त्या देशाचे नागरिकत्व घेऊन त्याला तेथील राष्ट्रीय संघाकडून खेळायचे असेल, तर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार त्याने तेथे पाच वर्षे राहिलेले असावे लागते. दहाव्या वर्षाच्या आत तेथे गेलेल्या मुलाला तीन वर्षे पुरतात. आपला मुलगा दहा ते अठरा या वयोगटात मोडतो, आणि या गटासाठी आणखी एक अट आहे: त्या देशाच्या संघातून खेळता यावे म्हणून हे स्थलांतर केले नव्हते, हे दाखवून द्यावे लागते. म्हणजे ज्या हेतूने त्याला पाठवण्याचे घाटते आहे, तोच हेतू त्याच्या आड येईल. हा नियम असा कडक होण्यामागे कारण आहे. २००४ साली कतारने ब्राझीलच्या आयल्टनसारख्या, कतारशी काहीच संबंध नसलेल्या खेळाडूंना आपल्याकडून खेळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फिफाला तो रोखावा लागला होता.

नागरिकत्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षे काढली तरी तेवढ्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट मिळत नाही. आधी कायम वास्तव्याचा परवाना लागतो. शिवाय अठरा वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी करण्यास फिफाची सर्वसाधारण मनाई आहे. आईवडीलच फुटबॉलव्यतिरिक्त अन्य कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील, तर अपवाद होऊ शकतो. काकांकडे राहणे हे त्या अपवादात बसत नाही. तेव्हा आज तो मेलबर्नला गेला, तर ऐन घडण्याची दोन वर्षे क्लबच्या सामन्यांविना जाण्याचा धोका आहे.

दत्तक जाणे म्हणजे काय, हे बडोदेकरांना समजावून सांगायला नको. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळराव येथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला. दत्तकविधानानंतर जन्मघराण्याचा वारसा सुटतो, आणि आपला नागरिकत्व कायदाही याबाबत तितकाच ठाम आहे: १९५५ च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे ओळखपत्र, येण्याजाण्यास उपयोगी पडते, भारताच्या संघात शिरण्यास नाही. इझुमी अराता यांनी हाच व्यवहार उलट दिशेने केला. जपानमध्ये जन्मलेले, गुजराती वडील आणि जपानी आई असलेले अराता २००६ मध्ये भारतात क्लब फुटबॉल खेळण्यासाठी आले. जपानी नागरिकत्व सोडून २०१२ मध्ये भारतीय झाले, आणि भारतीय संघात आले तेव्हा तिशीत होते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने आले. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेले फुटबॉलपटू रायन विल्यम्स यांनी तर २०२५ मध्ये भारतीय पासपोर्टसाठी ऑस्ट्रेलियाचाच पासपोर्ट सोडला. आपल्या चिरंजीवांना ही बातमी मुद्दाम दाखवावी, थोडी गंमत वाटेल.

मुलाच्या मनात बहुधा अवेर माबिल असावेत. २०२२ च्या जूनमध्ये पेरूविरुद्ध पेनल्टी मारून ऑस्ट्रेलियाला विश्वचषकात नेणाऱ्यांपैकी ते एक. जन्म केनियातील काकुमा निर्वासित छावणीतला. पण त्यांचे कुटुंब आसरा मिळावा म्हणून ऑस्ट्रेलियात गेले होते. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ त्यानंतर आला. पोर्तुगालकडून खेळलेल्या डेको यांचेही तसेच. ते १९९७ मध्ये ब्राझीलहून पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडे आले, तेथे जम न बसल्याने अल्व्हेर्का, साल्गेरोस अशा लहान क्लबांत फिरले, मग पोर्तोत स्थिरावले, आणि २००३ मध्ये पोर्तुगालकडून पहिलाच सामना ब्राझीलविरुद्ध खेळताना फ्री किकवर गोल केला. मधली सहा वर्षे त्यांना पगार क्लबने दिला. फुटबॉलपटूचा व्यवसाय क्लबमध्येच असतो. राष्ट्रीय संघ हे बोलावणे असते, ते यावे म्हणून आखणी करता येत नाही. म्हणून मुलाला ‘कोणत्या देशाकडून खेळायचे?’ असे विचारू नका; ‘विश्वचषक कधीच खेळायला मिळाला नाही, तरी तिसाव्या वर्षापर्यंत हेच काम करशील का?’ असे विचारा. उत्तर होय असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

माझ्या मते त्याने बारावी येथेच पूर्ण करावी, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या वयोगट निवड चाचण्या चुकवू नयेत, आणि अठरा पूर्ण झाल्यावर, शिक्षणाच्या निमित्ताने आणि घरच्या ऐपतीत बसत असेल तरच, मेलबर्नचा विचार करावा. तेव्हा क्लबच्या नोंदणीतील वयाचा अडसर राहणार नाही. तेथे रमला आणि पुढे नागरिक झाला, तर जर्सीचा प्रश्न त्या वेळी पाहता येईल. खेळातच राहायचे पण खेळाडू म्हणून जमले नाही, तर आपल्याच जिल्ह्यात देसर येथे स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ आहे, आणि प्रशिक्षकाचे परवाने पायरीपायरीने मिळवता येतात.

त्या सल्लागारास मात्र एक रुपयाही देऊ नये. फुटबॉल एजंटला २०२३ पासून फिफाचा परवाना सक्तीचा आहे आणि अल्पवयीन खेळाडूचे काम करण्यासाठी आणखी वेगळी पात्रता लागते. त्यांना परवाना क्रमांक विचारा आणि तो फिफाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. काकांनाही एवढेच विचारा, की पाच वर्षांनी त्याच्याजवळ कोणता व्हिसा असेल.