स्वतःच्या भेगा स्वतः भरणाऱ्या काँक्रीटच्या फटिग टेस्टला (पुन्हापुन्हा भार देऊन-उतरवून घेतलेल्या चाचणीला) अकूस्टिक एमिशन (एई), म्हणजे तडे जातानाचे सूक्ष्म आवाज सेन्सरने टिपणं, वापरून बसण्याआधी एवढं बघ

आधी सेन्सर. काँक्रीटमध्ये जास्त फ्रीक्वेन्सीच्या लहरी लवकर विरतात, म्हणून १५० किलोहर्ट्झचा सेन्सर उचलण्याआधी ६० च्या आसपासचा मिळतो का बघ. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून ग्रीसचा पातळ थर दे आणि प्रत्येक सेन्सरजवळ ०.५ मिमीची पेन्सिलची लीड मोडून बघ. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच कमी डेसिबल दाखवत असेल तर काढून पुन्हा बसव. मशीन नंतर.

खरी डोकेदुखी फटिगमध्येच. प्रत्येक सायकलला जुनी भेग उघडते-मिटते, तिच्या कडा घासतात आणि हिट्सचा, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या आवाजांचा, नुसता पाऊस पडतो. हे सगळे नवे तडे समजलास तर नमुना कधीच गेला असं वाटेल! म्हणून भाराचा सिग्नल एई सिस्टीमला जोडून ठेव. कमाल भाराजवळचे हिट्स वेगळे काढ, भार उतरतानाचे वेगळे.

काँक्रीटमध्ये भेग भरणारं द्रव्य ठेवलेल्या काचेच्या कॅप्सूल असतील तर त्या फुटतानाचे हिट्स सहसा ठळक, जास्त ऊर्जेचे असतात. ते नुकसानीत मोजू नकोस. डेल्फ्टच्या हेन्क योंकर्सनी पुढे आणलेल्या जिवाणू-काँक्रीटमध्ये भेग जिवाणूंनी बनवलेल्या कॅल्साइटने (चुनखडीतल्या खनिजाने) सावकाश भरते, आठवडे जातात, पाणीही लागतं.

भेग भरल्यावर पुन्हा भार देताना आधीच्या कमाल भाराच्या बऱ्याच खाली आवाज सुरू झाला, तर भेग नीट सांधली गेली म्हणून लगेच खूश होऊ नकोस. भरलेला कॅल्साइट तुटत असेल, किंवा जुन्या कडाच घासत असतील. एकट्या एईवर निकाल देऊ नकोस; कडकपणा आणि अल्ट्रासोनिक पल्सचा वेग आधी-नंतर मोजून ठेव.