वाचकांचे प्रश्न : एकाच पहाटेच्या निरनिराळ्या आठवणी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही उमरगा तालुक्यातील एका गावच्या प्राथमिक शाळेत एकाच वर्गात शिकलेली मुले-मुली आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमचे गाव भुईसपाट झाले, तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. त्यानंतर कोणी मामाच्या गावी गेले, कोणी पुण्याच्या वसतिगृहात, तर कोणी तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये वाढले. गेल्या दिवाळीत आम्ही प्रथमच एकत्र जमलो. त्या पहाटेविषयी आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांविषयी आम्ही एकमेकांशीच काय, आपापल्या घरातही कधी बोललेलो नाही, हे तेव्हा लक्षात आले. बोलू लागलो, तर काहीच जुळेना. एकाला मिट्ट काळोख आठवतो, दुसरीला लख्ख चांदणे. भूकंपाआधी कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपत होतो, असे एक जण ठामपणे सांगतो. बाकीच्यांना तसे काही आठवत नाही. वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी निम्म्या जणांना आठवते, उरलेल्यांना मुळीच नाही, आणि तिचे नाव तर कोणालाच सांगता येत नाही. एका मैत्रिणीला त्या महिन्यातले काहीही आठवत नव्हते; आता ती म्हणते, “तुमचं ऐकून ऐकून मलाही दिसायला लागलंय, पण ते माझं आहे का तुमचं, हेच कळंना.” हे सगळे जुळवून लिहून ठेवण्याची आमची इच्छा आहे. ते कसे करावे? आणि मुळात करावे का?
— एक वाचक, जिल्हा धाराशिव

उत्तर : आपल्या मैत्रिणीला पडलेला प्रश्न हा या सर्व कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो तिला पडला ही चांगली गोष्ट आहे, कारण बहुतेकांना तो पडतच नाही. आठवण मनात जशीच्या तशी साठवलेली नसते. प्रत्येक वेळी ती हाताशी असलेल्या तुकड्यांतून नव्याने रचली जाते, आणि त्या तुकड्यांत आपण पाहिलेले, ऐकलेले, छायाचित्रांत दिसलेले असे सर्व मिसळते. हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते. पुढे अमेरिकेत जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अवकाशयानाचा स्फोट झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली’ हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. जवळपास पाव जणांची उत्तरे मुख्य मुद्द्यांबाबत पूर्णपणे बदललेली होती, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या नव्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांचेच हस्ताक्षर पुढे ठेवले, तरी त्यांची जुनी आठवण परत आली नाही. तेव्हा कोणी किती ठामपणे सांगतो यावरून खरे-खोटे ठरवू नये. भूकंपाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. दर सप्टेंबरअखेर वृत्तपत्रे आणि वाहिन्या तीच ती छायाचित्रे दाखवतात, आणि ती इतक्या वेळा पाहून झाली आहेत की ढिगाऱ्याचे कोणते दृश्य स्वतःच्या गल्लीतले आणि कोणते छापील, हे सांगणे पुष्कळांना जमत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती थोडी विचित्र वाटेल : काही काळ या विषयावर एकमेकांशी बोलणे थांबवावे. सर्वांनी एकत्र बसून आठवू लागल्यास जास्त आठवेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तेवढीच माणसे वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा त्यांच्या आठवणींची एकूण बेरीज गटाच्या आठवणींपेक्षा मोठी भरते, असे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. गटात एकाच्या सांगण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो, आणि जो आधी व मोठ्याने बोलतो त्याची गोष्ट हळूहळू सर्वांची होते. प्रत्येकाने स्वतंत्र वहीत लिहावे, तारीख घालावी, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक नोंद करावी. आपल्या मैत्रिणीने तिच्या पानांवर ‘सांगता येत नाही’ असेच सगळीकडे लिहिले, तरी त्या पानांचे मोल कमी होत नाही.

लिहिताना थेट पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांपासून सुरुवात करू नये. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. तिथून सुरुवात करावी : कोणत्या वाटेने मिरवणूक गेली, घरी कोण जागे होते, आपण कुणाशेजारी आणि कोणत्या खणात झोपलो होतो. त्याहूनही आधी जुन्या गावाचा नकाशा काढावा, आणि तोही प्रत्येकाने वेगळा. वेस, पार, मारुतीचे देऊळ, आड, पिठाची गिरणी, शाळा, आणि मग आपली गल्ली घरागणिक. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हॉल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले होते की माणसाची स्मृती भोवतालच्या माणसांच्या आणि जागांच्या आधारावर टिकते. आपल्याकडे तो आधारच एका पहाटे गेला. ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि त्यांतली बहुतेक नव्या जागी, सरळ रस्त्यांची आणि आखीव प्लॉटची अशी वसवली गेली. ज्या बोळातून आपण शाळेत गेलो तो बोळच राहिला नाही, आणि शेजारीही बदलले. आपण इतकी वर्षे गप्प होता यात आपला काही दोष होता असे मला वाटत नाही. आठवण जागी करील असे रोजच्या वाटेवर काही उरलेच नव्हते.

घरांची वर्णने सविस्तर लिहावीत, कारण त्यांतून पुष्कळसे आपोआप उलगडते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवद. पाऊस गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले आणि छप्पर जड होत गेले. सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः या दगड-मातीखाली सापडून. काही घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि त्यांच्याखाली माणसे वाचली. ज्याला ‘वर काहीतरी लाकडाचे होते आणि फटीतून आवाज येत होते’ एवढेच आठवते, त्याच्या आठवणीला घराच्या रचनेचा आधार मिळू शकतो.

सर्वांच्या वह्या भरल्यानंतरच त्या शेजारी ठेवाव्यात. मात्र बहुमताने निर्णय करू नये. काळोख की चांदणे, हा आपला वाद पाहा. ३० सप्टेंबर १९९३ ला भाद्रपद पौर्णिमा होती. त्या पहाटे जवळजवळ पूर्ण चंद्र पश्चिमेकडे कललेला, पण आकाशात होता. म्हणजे जिला चांदणे आठवते तिच्या बाजूने पंचांग आहे. पण ज्याला काळोख आठवतो तो त्या वेळी कुठे होता? माळवदाखाली दबलेल्या, किंवा उठलेल्या धुळीत उभ्या असलेल्या मुलाला चंद्र कुठून दिसणार? पंचांगाने त्याची आठवण खोटी ठरत नाही, उलट तो कुठे असावा याचा सुगावा लागतो. अंगणात झोपण्याचेही तसेच आहे. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात अनेक धक्के जाणवले होते आणि लोक धास्तावले होते. आपल्या मित्राची आठवण बहुधा त्या वर्षीची असून ती मनात पुढच्या वर्षीच्या भूकंपाला जोडली गेली असावी. वर्ष चुकले, तरी अंगणात झोपणे खरे असू शकते. जे मतभेद असे सुटणार नाहीत ते तसेच, दोन्ही बाजूंसह, लिहून ठेवावेत.

खिडकीजवळच्या मुलीबद्दल अधिक सावध राहावे. नाव सुचवून ‘हीच ना?’ असे एकमेकांना विचारू नये. तसे विचारले की चार जण मान डोलावतात आणि मग ते नाव पक्के होऊन बसते. शाळेचे जनरल रजिस्टर वा हजेरीपट वाचला असेल तर मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज करून पाहावा. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही आणि भूकंपापूर्वीची मतदार यादी यांवरून त्या गल्लीतील कुटुंबे तरी कळतील. ती कदाचित हयातही असेल. भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले होते, नळदुर्गच्या ‘आपलं घर’मध्ये अनेक मुले वाढली, नातेवाइकांकडे गेलेल्या मुलांची तर गणतीच नाही. ती गेलेली असल्याचे निष्पन्न झाले, तर तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय तिचे नाव कोठेही छापू नये.

आता नंतरच्या दोन-तीन आठवड्यांविषयी. मनाने ते ‘दाबून टाकले’ असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण मला ते घाईचे वाटते. भयंकर घटना माणसे सहसा विसरत नाहीत. उलट त्या नको तेव्हा आठवतात. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाची आठवण क्रमवार आणि सुसंगत राहते ती मोठ्या माणसांनी ती त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलल्यामुळे, आणि त्या दिवसांत बोलणार कोण होते? मोठी माणसे शोधण्यात, जाळण्या-पुरण्यात आणि धान्याच्या रांगांत गुंतली होती; मुलांना कोणाच्या तरी हवाली करून दूर पाठवले होते, आणि तिथे कोणी विषय काढला तर ‘लेकराला कशाला आठवण करून देता’ म्हणून तो मिटवला जात होता. त्यामुळे आपल्याला त्या काळातले सुटे तुकडेच मिळतील : ताडपत्रीचा वास, अनोळखी माणसाने दिलेला बिस्किटाचा पुडा, लष्कराची गाडी. ते सुटेच राहू द्यावेत. त्यांची सलग कथा करण्याच्या मोहात जे नव्हते ते शिरते.

करावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘ज्यांना हवे त्यांनी करावे’ असे आहे. सर्वांनी मन मोकळे केलेच पाहिजे, हा आग्रह चुकीचा आहे. दुर्घटनेनंतर लगेच लोकांना एकदाच बसवून सर्व बोलायला लावण्याची पद्धत एके काळी बरीच रूढ होती. पुढील अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, आणि काहींना त्रासच झाल्याचे आढळले. प्रत्येकाला केव्हाही वही मिटण्याची मुभा असावी, आणि कारण विचारू नये. लिहिण्यास सुरुवात केल्यावर कोणाची झोप उडाली, दचकणे वाढले, घरात वा कामात लक्ष लागेनासे झाले आणि ते दोन-तीन आठवड्यांत निवळले नाही, तर त्या व्यक्तीने मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक गृहस्थ संमोहन करतात. भूकंपात हरवलेल्या आठवणी संमोहनाने जशाच्या तशा बाहेर काढता येतात, असे ते सांगतात. प्रयोग करून पाहावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : करू नये. संमोहनात माणूस अधिक सांगतो आणि अधिक खात्रीने सांगतो. अधिक खरे सांगतो असे नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९८५ मध्येच असा निष्कर्ष काढला होता. सुचवलेले चित्र त्या अवस्थेत सहज स्वीकारले जाते आणि नंतर ते स्वतःच्या आठवणीपासून वेगळे करता येत नाही. ज्या घरात माणसे गेली आहेत त्या घराच्या बाबतीत हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : माझा जन्म भूकंपानंतरचा. माझ्या आधीचा भाऊ त्यात गेला. घरात त्याचा फोटो नाही आणि आई त्याच्याविषयी कधी बोलत नाही. आता तिचे वय झाले आहे. मी विचारावे का?
— एक वाचक, ता. निलंगा

उत्तर : विचारावे, पण त्या रात्रीविषयी विचारू नये. जुन्या घराविषयी विचारावे : बळद कुठे होते, चूल कुठे होती, मुले कुठे खेळत. एखाद्या दुपारी, हाताला निवडण्या-टिपण्याचे काम असताना, समोरासमोर न बसता. तो काय खायला मागत असे, कोणासारखा दिसत असे, हे तिने आपणहून काढले तर ऐकावे. मध्येच ‘मग काय झाले?’ असे विचारून तिला त्या पहाटेकडे नेऊ नये. तिने विषय बदलला तर आपणही बदलावा, आणि महिन्याभराने पुन्हा घराविषयीच विचारावे. फोन लावून ध्वनिमुद्रण करायचे असल्यास तिला आधी सांगावे. ‘हे लिहू नको’ असे ती म्हणाली, तर लिहू नये. त्याचे नाव तेवढे घरातल्या कागदावर असावे की नाही, हे मात्र तिला एकदा विचारून घ्यावे.