मोठी युद्धनौका व्यापारी जहाजं बुडवायला दूर समुद्रात एकटी पाठवण्यात धोका काय?

सगळ्यात मोठा धोका म्हणजे दुरुस्तीला घरचं बंदर नसतं. जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेचंच बघा. १९३९ मध्ये तिने दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात ९ व्यापारी जहाजं बुडवली. १३ डिसेंबरला दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाजवळ तीन ब्रिटिश क्रूझरशी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांशी) गाठ पडली. तिच्या ११ इंची तोफांपुढे त्या लहानच, पण त्यांच्या माऱ्यात तिचं इंधन शुद्ध करायचं यंत्र आणि भटारखाना निकामी झाला. जहाज तरंगत होतं, तोफा चालत होत्या. पण हजारावर खलाशी घेऊन हजारो मैलांवरचं जर्मनी गाठायचं कसं? तटस्थ उरुग्वेने माँटेव्हिडिओत ७२ तासच थांबू दिलं. बाहेर मोठं ब्रिटिश आरमार जमलंय या समजुतीने कॅप्टन लांग्सडॉर्फने १७ तारखेला जहाज स्वतःच बुडवलं. माणसं वाचवली, याबद्दल मला त्याचा आदरच वाटतो.

‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका तर मे १९४१ मध्ये पहिल्याच मोहिमेत, एकही व्यापारी जहाज न बुडवता स्वतःच बुडाली. जुनाट ब्रिटिश विमानाच्या एका टॉर्पेडोने सुकाणू अडकलं, ती ब्रिटिश जहाजांच्या तावडीत सापडली, आणि दोन हजारांवर माणसं गेली.