गडावर नेलं की पोरं बोलायला लागतात का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यात मुलांच्या वसतिगृहावर अधीक्षक आहे. पोरं आठवी ते दहावीची, बरीचशी ऊसतोड करणाऱ्यांची, काहींना वडील नाहीत, काहींना दोघंही नाहीत. अभ्यासाचं जाऊ द्या, पण एकमेकांशी नीट बोलत नाहीत, जरा काही झालं की हात उचलतात नाहीतर दोन-दोन दिवस गप्प. आता एका देणगीदारांनी तीन दिवसांच्या साहस शिबिराचा खर्च द्यायची तयारी दाखवलीय, रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, व्हॅली क्रॉसिंग म्हणजे दोरावरून दरी ओलांडणं, तंबूत मुक्काम वगैरे. यानं खरंच फरक पडतो का, का नुसती मजा होऊन पैसे जातात?
एक अधीक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, फरक पडतो, आणि मजा झाली तर त्यातही काही वाईट नाही, या पोरांच्या वाट्याला मजा तशीही कमीच आलेली असते. पण पैसे देण्याआधी शिबिरवाल्यांना एवढं विचारा की त्या तीन दिवसांत पोरांना एकमेकांची गरज किती वेळा पडणार आहे. लाइन लावायची, एकेकानं हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचे कमरेचे पट्टे, घालून खाली उतरायचं, टाळ्या, फोटो, चला पुढचा, असं असेल तर त्यात पोरगं एकटंच असतं, कुणाशी बोलायची वेळच येत नाही. तेच एखाद्या छोट्या कातळावर चढाई ठेवली आणि खाली बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, पोरालाच उभं केलं, मागे बॅकअपचा दोर अर्थातच प्रशिक्षकाच्या हातात, तर सगळं बदलतं. वरच्याला ‘लूज दे’, ‘टाइट कर’, ‘थांब’ हे ओरडून सांगावंच लागतं आणि खालच्याला मान वर करून ऐकावंच लागतं. काल ज्यानं कानाखाली वाजवली त्याचाच दोर आज आपल्या हातात असतो. मी बघितलंय, वरचा दगडाला चिकटलाय, गुडघे लटलटतायत, आणि खाली जो कधी कुणाशी शब्द बोलत नाही तो पोरगा ‘डाव्या पायाखाली खाच आहे बघ, अजून खाली, हां तिथंच’ असं सांगतोय. त्याला बोल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडायची तेव्हा लाइफबोटीत तरुण खलाशी आधी हाय खायचे आणि वयस्कर तगून राहायचे हे लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाला खटकत होतं, त्यातून त्यांनी आणि कर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला साहसातून तरुणांना घडवणाऱ्या आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. पुढे १९९७ मध्ये जॉन हॅटी या शिक्षण-संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांवरच्या ९६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. फायदा शिबिर संपल्यावरही टिकतो, थोडा वाढतोसुद्धा असं त्यात दिसलं, पण सगळे कार्यक्रम सारखे नव्हते आणि वीस दिवसांपेक्षा लांबीचे जास्त उपयोगी ठरले.

आता वीस दिवस सलग कुठून आणायचे? आणूच नका. देणगीदारांना सांगा की तेवढेच पैसे वर्षभर पुरवून वापरू, महिन्यातून एक रविवार, तेच दहा-बारा जण, तेच दोन शिक्षक. तुमच्या दाराशी जरंडेश्वर आहे, कल्याणगड आहे, त्या गडावरच्या गुहेत पाणी आणि अंधार, टॉर्च घेऊन एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवूनच आत जावं लागतं, त्याला तिकीट लागत नाही की महागडं सामान. अजिंक्यतारा तर साताऱ्याच्या डोक्यावरच आहे. वासोटा किल्ल्याचा मोह होईल, बामणोलीतून बोट म्हटलं की पोरं नाचतील, पण तो कोयना अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी काढावी लागते, चालही दमवणारी आहे, तो वर्षाच्या शेवटी ठेवा.

आणि स्वयंपाक पोरांकडे द्या. हे मी फार मनापासून सांगतेय, दोरापेक्षा चुलीवर जास्त बोलणं होतं. पैसे त्यांच्या हातात द्या, बाजारातून बेसन-कांदे-तांदूळ त्यांनीच आणायचे, लाकडं ओली निघाली आणि पिठलं गुठळ्यांचं झालं तरी तुम्ही मध्ये पडू नका, भांडतील, मग त्यांचं तेच ठरवतील कुणी फुंकायचं आणि कुणी ढवळायचं. जेवल्यावर गोल बसून थोडा वेळ बोला, भाषण नको, फक्त विचारा की आज कुणाची मदत झाली आणि कुठं राग आला. ज्याला बोलायचं नाही त्यानं ‘पास’ म्हणायचं. आणि सोमवारी मेसच्या लाइनीत ढकलाढकली झाली की तिथंच आठवण करून द्या, काल दोरावर तो ‘थांब’ म्हणाला आणि तू थांबलास ना, मग इथं काय झालं? हा धागा जोडला नाही तर गडावरचं गडावरच राहतं.

सुरक्षेत मात्र काटकसर नको. प्रत्येकाला हेल्मेट, आणि संस्थेची नोंदणी विचारा, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती आहे. पावसाळ्यात कातळ नको. गडावर आग्या मोहोळ असतात, तिथं धूर आणि सेंट दोन्ही नको. दमा किंवा फिट येणाऱ्या मुलांची औषधं शिक्षकांच्या सॅकमध्ये. देणगीदारांना फोटो हवे असतील तर पाठमोरे द्या, बालकल्याण समितीकडून आलेली मुलं असतील तर बाल न्याय कायद्यानं त्यांची ओळख उघड करता येत नाही.

प्रश्न : ताई, माझा भाचा चौदा वर्षांचा, माझा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, गेल्यापासून माझ्याकडेच असतो. शाळेच्या शिबिरात उंचावरून उतरायला घाबरला, पोरं हसली, तेव्हापासून घराबाहेर पडत नाही. परत पाठवू का? भीती मोडेल असं सगळे म्हणतात.
एक आत्या, मिरज

उत्तर : जबरदस्तीनं नका पाठवू. चांगल्या शिबिरात ‘मला नाही करायचं’ म्हणायचा हक्क पहिल्या दिवशीच सांगतात, आणि जो उतरणार नाही त्याला दोर गुंडाळायचं, नकाशा बघायचं, वेळ नोंदवायचं असं खरं काम देतात, बाजूला बसवून ठेवत नाहीत. तुमच्या जवळ दंडोबाचा डोंगर आहे, सोपा आहे, त्याच्या एखाद्या दोस्ताला घेऊन तुम्हीच सकाळी जा, वाट त्यालाच काढू द्या, डबा त्यालाच भरू द्या. वर गेल्यावर वडिलांचा विषय निघाला तर ऐकून घ्या, नाही निघाला तर तुम्ही काढू नका. आणि आत्या, बाहेर न पडणं काही आठवडे चाललं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर ते डोंगरानं सुटणारं काम नाही, १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा, त्याला लगेच फोनवर बसवायची गरज नाही.