सासऱ्यांच्या ट्रंका: आधी ‘नीट लावू’ नका

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. सासरे पिंपरीत तीस वर्षं युनियनचे पुढारी, मागे पाच ट्रंका कागद, सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, दिवाळीच्या आत घर रिकामं करायचंय. आणि तुम्ही लिहिलंय, ‘सगळं नीट लावून कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकू.’ त्या ‘नीट लावून’साठीच एवढं लिहायला बसलो. वाळवी, ओल, झेरॉक्स वगैरे इतर लोक सांगतीलच.

आमचे अण्णाही त्याच पट्ट्यातले, भोसरीच्या एका कंपनीत. ते गेले तेव्हा माळ्यावर आणि पलंगाखाली मिळून पन्नासेक गठ्ठे निघाले. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेले, वर लाल पेन्सिलीनं आकडा. मी अप्पा बळवंत चौकातून दोन डझन प्लास्टिकच्या फाइली आणल्या, तीन रविवार बसलो आणि सगळं विषयवार लावलं: करार, कोर्ट, पत्रकं, पत्रव्यवहार, फोटो. वर्तमानपत्रं सुतळीसकट रद्दीवाल्याला. बायको म्हणाली, किती छान दिसतंय. मलाही तसंच वाटत होतं.

चार महिन्यांनी देव्हाऱ्याखालच्या फडताळात अण्णांच्या खिशातल्या डायऱ्या सापडल्या. १९८९ साली टेल्कोचे (नंतरची टाटा मोटर्स) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते, तेव्हा अण्णा रोज पाळी संपली की तिकडे जायचे. त्या सप्टेंबरच्या शेवटी नोंद आहे: ‘शनिवारवाडा. रात्री पोलिसांनी उचललं. ग. ४१.’ पान उलटावं तिथे असंच, ग. १७, ग. २९. म्हणजे गठ्ठा नंबर. डायरी हीच सगळ्या कागदांची सूची होती आणि तिची दुसरी बाजू मी किलोच्या भावानं विकली होती.

आता माझ्याकडे ६३ नावांची एक यादी आहे. नाव, टोकन नंबर (कामगाराचा कंपनीतला क्रमांक), काही नावांपुढे फुली. मथळा नाही, तारीख नाही. ती त्या रात्री उचललेल्यांची आहे, वर्गणी देणाऱ्यांची आहे, की दुसऱ्या युनियनला जाऊन मिळालेल्यांची, हे मला सांगता येत नाही. तिसरं असेल तर ती कुणाच्या हातात द्यायची हाही प्रश्नच. गठ्ठ्यात तिच्या वर काय होतं, खाली काय होतं, एवढं माहीत असतं तरी पुरलं असतं.

म्हणून ट्रंक उघडली की आधी मोबाइलवर फोटो. मग एकेक थर उचलायचा आणि पुन्हा फोटो. पाकिटं, वेष्टणं, चिठ्ठ्या, बसची तिकिटंसुद्धा जिथल्या तिथे. गंजलेल्या टाचण्या काढल्यात तर ते कागद एका घडी घातलेल्या कोऱ्या कागदात एकत्र राहू देत. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. फॅक्सचे गुळगुळीत कागद मात्र लगेच झेरॉक्स करा, ती अक्षरं उडतात.

माझं आणखी एक मत, पटलं तर घ्या. सही-शिक्क्याच्या करारांचं फार कौतुक नको. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८(१) चा, म्हणजे कंपनी-युनियननं थेट केलेला असो, की १२(३) चा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीनं झालेला, त्याची प्रत कंपनीकडे असते, सरकारी दप्तरातही जायची. करारात काय मिळालं ते कळतं, काय सोडून दिलं ते कच्च्या मागणीपत्रावरच्या खोडाखोडीत असतं. तो चुरगळलेला कागद आधी जपा.

मी वकील नाही, अभिलेखागारातलाही नाही, अनुभव एका घरापुरता. पण युनियनची इतिवृत्तं आणि पावती पुस्तकं ही सासऱ्यांची खासगी मालमत्ता नव्हे. त्यांची वेगळी यादी करा, फोटो काढा आणि मगच सध्याच्या कमिटीशी बोला. कमिटीत कुठला गट बसलाय, हेही आधी बघा.

संस्थेबद्दल नाव न घेता सांगतो. इथल्याच एका ठिकाणी मी दोन खोकी दिली. पावतीवर काय लिहिलं? ‘जुने कागद, २ खोकी.’ सहा वर्षं झाली, विचारलं की ‘कॅटलॉगिंग चालू आहे’. एकदा तर मलाच ओळखपत्र आणि शिफारसपत्र मागितलं, माझ्या बापाचे कागद बघायला! कागदवार यादी आणि लेखी अटी असल्याशिवाय खोकं दारातून बाहेर जाऊ देऊ नका. लांबचं चालत असेल तर नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून कामगार चळवळीचा वेगळा अभिलेखसंग्रह आहे, तिथे पत्र टाका. लांबचं म्हणून नाक मुरडू नका. कामगार पुढारी ना. म. जोशी पुण्याच्या भारत सेवक समाजाचे, १९२० साली आयटक हा कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ उभारणाऱ्यांपैकी, पण त्यांचे कागद वाचायलाही दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयातच जावं लागतं.

अटींत एक गोष्ट घालाच. कामगारांवरच्या चौकशीचे कागद आणि घरची पत्रं काही वर्षं बंद ठेवायची. अण्णांकडे कामगारांच्या बायकांची पत्रं आहेत, ‘साहेब, ह्यांचा पगार माझ्या हातात द्यायला सांगा’ अशी. ती माणसं अजून निगडीत, चिखलीत राहतात.

दिवाळीपर्यंत यातलं काही होणार नाही. तोवर ट्रंका कुलपासकट कुणा नातेवाइकाच्या कोरड्या खोलीत हलवा, खाली विटा लावा. आणि गेट मीटिंगचे (कंपनीच्या दारावरच्या सभांचे) फोटो असतील तर सासऱ्यांच्या बरोबरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना या रविवारीच चहाला बोलवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. माझ्या ६३ नावांतल्या एकाचा पत्ता मला गेल्या वर्षी लागला. घरी गेलो तर त्यांच्या फोटोला हार होता.