काचेची नळी आणि तापमानाचा तक्ता

नौपाडा, ठाणे

प्रिय डॉक्टर,
(आता तुला नावाने हाक मारायची नाही, असं ठरवलंय.)

शहापूरकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं आणि लगेच 'एनक्वास'च्या, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या, तपासणीचं पत्र आलं, म्हणून तुझा आवाज फोनवर बसलेला होता. भिंती रंगल्या, फलक लागले, फायलींना नवी कव्हरं चढली. चढू देत. 70 टक्के गुण लागतात, ते मिळव. प्रमाणपत्रासोबत केंद्राला पैसेही येतात. पण तपासायला येणारा नुसती रजिस्टरं चाळत नाही. तो स्वतः बघतो, सिस्टरला विचारतो, पेशंटलाही विचारतो. तू त्याच्याआधी हे कर, आणि रजिस्टर सगळ्यात शेवटी उघड.

माझीच गोष्ट सांगतो. लसी ठेवायच्या फ्रीजचं, म्हणजे आयएलआरचं, तापमान 2 ते 8 अंशांत हवं आणि ते दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारीसुद्धा. एका शुक्रवारी तक्त्यावर सही ठोकली आणि मग दिसलं, शनिवार-रविवारचे आकडे आधीच भरलेले. चारही वेळा 4 अंश! फार्मासिस्टवर ओरडलो. संध्याकाळी जुने तक्ते काढले, तर कित्येक महिने हेच चाललेलं आणि खाली माझ्याच सह्या. तो तालुक्याच्या गावाहून येई, रविवारी एसटी मिळायची मारामार. मी कधी विचारलंच नव्हतं. मग आवारात राहणाऱ्या शिपायाला थर्मामीटर वाचायला शिकवलं आणि सगळ्यांना सांगितलं, आकडा घ्यायचा राहिला तर रकाना रिकामा सोडा, मी रागावणार नाही. पहिल्या महिन्यात बरेच रकाने रिकामे राहिले. पण भरलेले आकडे खरे होते; वीज कधी जाते, हे मला त्यांवरून तेव्हा कळलं.

दुसरं, भातलावणी सुरू व्हायच्या आत लेबर रूमच्या ट्रॉलीसारखीच इमर्जन्सीची ट्रॉली स्वतः उघडून बघ. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा सगळेच मोजतात. काचेची टेस्ट ट्यूब कुणी मोजत नाही. साप चावलेल्याच्या शिरेतलं 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालून 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं चावलं असं समज. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही; चांगलं रक्तही त्यात गोठेलच असं नाही. आणि गोठलं म्हणून पेशंटला घरी पाठवू नकोस. मण्यारीच्या विषाने रक्त बिघडत नाही, पापण्या जड होतात, मग श्वास. त्या नळ्या दहा-वीस रुपयांच्या. कमी पडल्या तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून घे.

पेशंटला विचारण्याबद्दल एवढंच. कातकरी बाईला "सेवा कशी वाटली?" विचारलंस तर ती "बरी हाय" म्हणेल. तिला दुसरं काय म्हणता येतं? त्याऐवजी विचार, घरातून किती वाजता निघालीस, गाडीला किती गेले, औषध कुठून विकत आणावं लागलं का. वीटभट्टीवर जायच्या दिवसांत ती येते की नाही, हेही आशाताईकडून काढ. तपासणीच्या अर्जात यातलं सगळं मावणार नाही, तुझ्या वहीत मावेल.

कायाकल्प या सरकारी स्वच्छता योजनेतल्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग तू पाठ केले असशील, त्यावर लिहीत नाही.

पुढच्या बुधवारी कसारा लोकलने आसनगावला उतरतो. ओपीडीच्या वेळी येईन, केसपेपरच्या रांगेत उभा राहीन. सिस्टरना सांगू नकोस.

तुझा,
सर